पहिल्यांदाच घरी गणपती बसवताय? मग सुरुवात विसर्जनापासून करा

आमच्या घरी गणपती यायला लागून नऊ वर्षं झाली. दर वर्षी आषाढ संपत आला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, की अगं यंदा आम्ही पहिल्यांदाच बसवतोय, वेगळं बिऱ्हाड केलंय, फ्लॅट लहान आहे, नदीत काही सोडायचं नाहीये आणि जो काही खर्च होणार त्यातला थोडा तरी कुणाच्या उपयोगी पडावा असं वाटतंय, तर नेमकं काय काय करायचं ते सांग. प्रत्येकाला तासभर तेच सांगते, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून काढतेय. मी पुण्यात राहते त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील, पण पद्धत कुठेही चालेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट. बहुतेक लोक मूर्तीपासून सुरुवात करतात, मग मखर, मग फुलं, मग प्रसाद, आणि विसर्जनाचं बघू नंतर. मी म्हणते उलटं करा, शेवटच्या दिवसापासून मागे मागे या. कारण मूर्ती केवढी, कशाची, रंग कुठला, आरास कशाची, फुलं किती, हे सगळं शेवटी कुठे जाणार यावरच ठरतं. आम्ही पहिल्या वर्षी हे केलं नाही. एका स्टॉलवर गेलो, सोळा इंचाची सुंदर मूर्ती दिसली, विकणारा म्हणाला शाडूची आहे, घेतली. दीड दिवसाने टबात विसर्जन केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाप्पा जसेच्या तसे, तिसऱ्या दिवशी नुसता रंग सुटून पाणी लाल झालेलं आणि सोंड तशीच शाबूत. सासूबाई बाल्कनीत जाईनात. त्या चार दिवसांत आमच्या घरात जे वाटलं ते दुसऱ्या कुणाला वाटू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

पायरी १: शेवटचा दिवस आधी ठरवा

तीन प्रश्न एका कागदावर लिहा. किती दिवसांचा गणपती? विसर्जन कुठे? आणि त्यानंतर माती, फुलं, पाणी यांचं काय?

किती दिवसांचा, हे घरची रीत असेल तर तसंच. नवीनच सुरू करत असाल आणि दोघंही नोकरीवाले असाल तर दीड दिवसाचा करा. दीड दिवसाचा म्हणजे कमी भक्ती असं काही नसतं, उलट तेवढा वेळ पूर्ण घरी राहता येतं.

विसर्जन घरीच करायचं असेल तर आत्ता उठा आणि बादली, टब, पिंप जे काही आहे ते मोजा. आतली खोली किती आणि तोंड किती रुंद, दोन्ही. मूर्तीची उंची आतल्या खोलीपेक्षा किमान दोन इंच कमी पाहिजे आणि पाट किंवा प्रभावळ धरून रुंदी तोंडातून आरामात आत गेली पाहिजे. आमच्याकडे आता साडेसात इंचाची मूर्ती असते आणि साध्या मोठ्या बादलीत व्यवस्थित मावते. हे माप फोनमध्ये लिहून ठेवा, मूर्ती बघायला जाताना तेच बरोबर न्यायचं, कारण स्टॉलवर गेल्यावर मन मोठ्या मूर्तीकडेच ओढतं, माझं अजूनही ओढतं.

घरी शक्य नसेल तर महापालिकेचे हौद असतात, फिरत्या गाड्या असतात, मूर्ती दान स्वीकारणारी केंद्रं असतात. कोल्हापूरकडे तर पंचगंगेत न सोडता मूर्ती दान करायची चळवळ कित्येक वर्षं चालू आहे. पण आपल्या भागात काय आहे ते आधीच विचारून घ्या, ऐन वेळी गर्दीत शोधत बसू नका.

पायरी २: घरातल्या मोठ्यांशी बोला, तेही निवांत

ही पायरी लोक गाळतात आणि मग विसर्जनाच्या संध्याकाळी दारात भांडणं होतात. "देवाला बादलीत बुडवायचं?" हा प्रश्न येणारच, आणि तो मनापासून आलेला असतो, त्याला हसू नका. आमच्या सासूबाईंना मी नदीच्या प्रदूषणावर पंधरा मिनिटं ऐकवलं, काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो पूजेच्या पोथीचा.

आपण चतुर्थीला जी पूजा करतो ती पार्थिव गणेशाची. पार्थिव म्हणजे पृथ्वीची, मातीची. म्हणजे मूर्ती मातीची असणं हे काही हल्लीचं फॅड नाही, पूजेच्या नावातच ते आहे. आणि विसर्जनाआधी उत्तरपूजा होते, त्यात अक्षता वाहून देवाला निरोप दिला जातो, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, तिथेच देव आपल्या स्थानी गेले असं मानतात. त्यानंतर पाण्यात जाते ती माती. मग ते पाणी नदीचं असो की घरातल्या भांड्यातलं. आमच्या गुरुजींनी हेच शांतपणे सांगितलं आणि सासूबाईंनी विचार करून एकच अट घातली, प्लास्टिकची बादली नको. त्यांच्या सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ माळ्यावर पडलेलं होतं, ते काढलं, चिंचेने घासून लखलखीत केलं, आणि तेव्हापासून मोठी मूर्ती आणायचा विषयच संपला कारण माप घंगाळाचं झालं. (बादली आता मापापुरती आणि पावसापाण्याची सोय म्हणून.) तुमच्याकडे घंगाळ नसेल तर पितळेचं पातेलं, स्टीलचं पिंप, काहीही चालेल, कडेने फुलं लावा, तळाशी नदीचं किंवा विहिरीचं तांब्याभर पाणी घाला, ज्याने मोठ्यांच्या मनाला बरं वाटेल ते करा.

आणखी एक. नदीवरून परत येताना पाटावर थोडी वाळू किंवा माती घरी आणायची रीत बऱ्याच घरांत आहे. घरी विसर्जन केलं की ती सगळीच माती घरी राहते. हे सासूबाईंनीच मला सांगितलं, मला सुचलं नव्हतं.

पायरी ३: मूर्ती

निदान महिना दीड महिना आधी बुकिंग करा. चांगल्या शाडूच्या लहान मूर्ती लवकर संपतात आणि शेवटच्या आठवड्यात जे उरतं त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस (पीओपी) जास्त असतं. पेणची मूर्ती म्हटलं की आपल्याला वाटतं मातीचीच असणार, पण पेण आणि त्या बाजूच्या हमरापूर, जोहे या गावांत दोन्ही प्रकारच्या मूर्ती होतात, त्यामुळे नाव ऐकून घेऊ नका, विचारून घ्या.

ओळखायचं कसं? शाडूची मूर्ती आकाराच्या मानाने जड लागते, पीओपीची हलकी आणि बहुतेकदा आतून पोकळ. मूर्ती उलटी करून बघायची परवानगी घ्या आणि तळाच्या न रंगवलेल्या भागावर पाण्याचे दोनचार थेंब टाकून बोट घासा. शाडू असेल तर माती ओली होऊन बोटाला लागते, पावसाचा वास येतो. पीओपी पाणी शोषून घेतं पण तसंच टणक राहतं. विकणारा हे करू देत नसेल तर दुसरीकडे जा. पावतीवर "शाडू मातीची मूर्ती" असं लिहून मागा, लिहायची वेळ आली की बरेच जण खरं बोलतात.

पीओपीचं एवढं काय, असं विचारतात. ते जिप्सम भाजून केलेलं असतं, पाण्यात माती जशी विरघळून गाळ होते तसं त्याचं होत नाही, महिनोन्‌महिने तुकडे तळाशी राहतात, आणि वर ऑइल पेंट असेल तर तो वेगळाच त्रास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये ज्या सुधारित सूचना काढल्या त्यातही मूर्ती नैसर्गिक मातीची हवी, पीओपी, प्लास्टिक, थर्माकोल नको असंच सांगितलंय.

कागदाच्या लगद्याच्या मूर्ती इको-फ्रेंडली म्हणून विकल्या जातात, त्याबद्दल माझं मत चांगलं नाही. कागद विरघळत नाही, त्याचे तंतू सुटे होऊन पाण्यात पसरतात, शिवाय त्यात छपाईची शाई आणि डिंक असतो. बिया घातलेल्या लाल मातीच्या मूर्ती चांगल्या, फक्त बी कुठलं आहे ते विचारा आणि कुंडी खरंच वर्षभर सांभाळणार असाल तरच घ्या. रंग हळद, गेरू, मुलतानी मातीचे असतील तर उत्तम, नाहीतर अगदी कमी रंगाची घ्या. आमची तर आता फक्त डोळे आणि गंध रंगवलेली असते.

शाडूची मूर्ती नाजूक असते हे नवीन लोकांना माहीत नसतं. आणताना खालून पाटासकट धरायची, हाताला किंवा सोंडेला धरून उचलायची नाही, गाडीत मांडीवर घेऊन बसायचं. बारीक चीर गेली तर मूर्तिकाराकडून मूठभर शाडू आधीच मागून ठेवा, ती पाण्यात कालवून बोटाने भरली की चीर बुजते. पूजेआधी असं काही झालं तर घाबरायचं कारण नाही.

मुलं असतील तर मूर्ती घरीच करून बघा. दोन-तीन किलो शाडू लागते आणि एक रविवार. पहिल्या वर्षीची सोंड वाकडी होईल, होऊ दे. परदेशात राहणाऱ्यांना तर मी हेच सुचवते, इथून मूर्ती सामानात नेण्यापेक्षा तिथल्या कुंभारकामाच्या दुकानातून न भाजता वापरता येणारी नैसर्गिक माती आणा. फक्त ती हवेवर कडक होणारी कृत्रिम क्ले नको, ती विरघळत नाही.

पायरी ४: मूर्ती पीओपीची निघाली तर

फसवणूक झाली किंवा आधीच कुणी आणून दिली, असं होतं. टाकून देऊ नका आणि नदीतही नेऊ नका. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर उपाय शोधलाय, अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीत खारी-बिस्किटाला वापरतात तीच पावडर. पुणे महापालिका ती नागरिकांना विसर्जनासाठी फुकट देत आलीये.

कृती सोपी आहे. हार, कापड, मणी, सगळं आधी काढा. मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या, त्यात साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पावडर घालून ढवळा, मग मूर्ती सोडा. दर दोन-तीन तासांनी काठीने हलवायचं. साधारण ४८ तासांत मूर्ती सुटते, तळाशी खडूसारखा पांढरा साका बसतो, तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं जे खत म्हणून वापरतात. भरपूर साधं पाणी मिसळून झाडांना घाला, तसंच दाट ओतलं तर झाडं जळतील. ऑइल पेंटचे पापुद्रे वर तरंगतात, ते गाळून सुक्या कचऱ्यात. वास उग्र असतो, त्यामुळे हे बाल्कनीत किंवा गच्चीवरच करा, बंद बाथरूममध्ये नको, आणि लहान मुलांना लांब ठेवा. आमच्या पहिल्या वर्षीच्या मूर्तीचं शेवटी असंच विसर्जन झालं.

पायरी ५: आरास

थर्माकोलची मखरं महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, तरीही कुठे कुठे गुपचूप मिळतात. घेऊ नका. नियम एकच ठेवा, अकराव्या दिवशी फेकावं लागेल असं काहीही आणायचं नाही. घरातला पाट, चौरंग, आईची पैठणी, आजीचा शेला, पितळेच्या समया, कुंड्यांमधली झाडं, एवढ्यात सुंदर आरास होते. लाकडी किंवा पुठ्ठ्याचं घडीचं मखर एकदा घेतलं की दहा वर्षं चालतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती गोव्याची माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, काकड्या, तोरिंजनं, कांगलां, रानातली कितीतरी फळं बांधतात, त्या दिवसांत निसर्गात जे पिकतं ते सगळं देवाच्या माथ्यावर. खाण्याजोगं सगळं नंतर घरात आणि शेजाऱ्यांत वाटलं जातं. मी फ्लॅटमध्ये त्याची छोटी नक्कल करते, एक बांबूची चौकट आणि त्याला मंडईतून आणलेल्या काकड्या, दोडकी, लिंबं, केळीचा छोटा घड. विसर्जनानंतर त्याचीच भाजी. फक्त एक सांगते, हौसेपायी रानातनं ओरबाडून आणू नका, माटोळी बांधणाऱ्यांना कुठलं किती घ्यायचं ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं, आपल्याला नसतं.

पायरी ६: पत्री आणि फुलं

एकवीस पत्रींची जुडी बाजारात मिळते. ती एकदा सोडून नीट बघा, निम्मी पानं ओळखूच येत नाहीत आणि बऱ्याचदा भलतीच असतात. शमी, बेल, अर्जुन, रुई यांच्या फांद्याच्या फांद्या तोडून त्या गठ्ठ्यात भरतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं निर्माल्यात. त्यापेक्षा आपल्या सोसायटीत, ओळखीच्या अंगणात जी मिळते तेवढीच घ्या, तुळस, आघाडा, माका, मरवा, जाई, डाळिंब, कण्हेर यातलं काही ना काही सापडतंच. प्रत्येकाचं एकच पान. जे नाही त्याच्या जागी अक्षता वाहायची सोय पूजेत आहेच, गुरुजींना विचारा, ते आनंदाने सांगतील. मुलांना घेऊन आदल्या संध्याकाळी पत्री शोधायला जा, माझ्या मुलीला आघाडा तिथेच ओळखायला आला.

दूर्वा कुंडीत लावा, दोन महिने आधी. फुलं झेंडू, शेवंती, जास्वंद, गुलछडी अशी आपल्याकडची, सुती दोऱ्यात ओवलेली. प्लास्टिकची चकाकी लावलेले हार नकोत.

पायरी ७: पाहुणे

इथे खूप कचरा होतो आणि तो आपल्या लक्षातही येत नाही. पाहुणे पेढ्यांचे प्लास्टिकचे डबे आणतात, आपण कागदी कपात चहा देतो, त्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो म्हणून तो धड कागदात जात नाही की कशातच. स्टीलच्या पंचवीस वाट्या-ताटल्या जमवा, शेजारणींकडून मागा, जास्त माणसं असतील तर मंडपवाल्याकडून भाड्याने मिळतात. धुण्याचं काम वाढतं हे खरं आहे, म्हणून ते पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घ्यायचं हे आधीच ठरवा. सगळं एका बाईच्या डोक्यावर टाकून पर्यावरण राखायचं असेल तर ते मला पटत नाही.

आणि निमंत्रणाच्या मेसेजमध्ये चार ओळी जास्तीच्या लिहा. मी लिहिते ते देते, हवं तर असंच वापरा:

"आमच्याकडे यंदाही बाप्पा येतायत, दर्शनाला आणि प्रसादाला नक्की या. येताना पेढे, हार, नारळ काही आणू नका. आणावंसं वाटलंच तर एक दोनशे पानी वही आणा, चौरेघी किंवा एकरेघी. गणपतीनंतर त्या एका शाळेला देणार आहोत."

पहिल्यांदा पाठवताना मला फार संकोच वाटला होता, लोकांना वाटेल मागतायत. झालं उलटं, लोक खूश होतात, त्यांनाही काय न्यायचं हा प्रश्न असतोच. मुंबईत सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर फुलं-मेणबत्त्यांऐवजी एक वही एक पेन आणा, असं आवाहन तिथले कार्यकर्ते करतात, मला ती कल्पना तिथूनच मिळाली.

पायरी ८: द्यायचं काय, कुणाला, कसं

यावर जरा जास्त लिहिते, कारण इथे सगळ्यात जास्त चुका मीच केल्यात.

मूर्ती बुक करता त्याच दिवशी एक पाकीट करा आणि देव्हाऱ्यात ठेवा. नवीन मखर घेतलं नाही, लायटिंगच्या माळा घेतल्या नाहीत, पेढ्यांचे डबे वाटले नाहीत, जे जे टाळलं त्याचे पैसे लगेच त्यात. "नंतर बघू उरले तर" म्हटलं की काही उरत नाही. रक्कम पाचशे असली तरी चालेल.

देण्याची सुरुवात घरापासून करा. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी, जिने झाडणारे दादा, कचरा नेणाऱ्या ताई, यांच्या घरीही गणपती असतात हे आपण विसरतो. त्यांना एक दिवस भरपगारी सुट्टी आणि थोडे पैसे सण येण्याआधी द्या, नंतर नाही, कारण खर्च आधी असतो. उरलेला प्रसाद बांधून देणं म्हणजे देणं नव्हे, ताजा प्रसाद आपल्याबरोबर बसून खायला बोलवा.

मग बाहेर. आणि बाहेर देताना एकच नियम, आधी विचारा. दुसऱ्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने साठ रंगपेट्या घेऊन एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. बाईंनी खूप छान स्वागत केलं, मुलांनी गाणं म्हटलं, आणि निघताना बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, पुढच्या वेळी जमलं तर चौरेघी वह्या आणाल का? मुलांच्या जूनमधल्या वह्या आता संपल्यात, दुसऱ्या सत्राला नसतात." कपाटात आधीच्या दोन पाहुण्यांच्या रंगपेट्या तशाच होत्या. तेव्हापासून मी जुलैमध्ये शाळेला फोन करते आणि विचारते, किती मुलं, कुठल्या इयत्ता, कुठल्या रेघांच्या वह्या, कधी आणू. एका वर्षी त्यांनी वह्या नको म्हणून पाण्याची टाकी झाकायचं झाकण आणि दोन नळ मागितले. दिले.

शिजवलेलं अन्न द्यायचं असेल तर फार जपा. उकडीचे मोदक, वरणभात, खीर हे दमट हवेत लवकर खराब होतं. शिजवल्यापासून दोन तासांत पोचणार असेल आणि घेणाऱ्यांनी होय म्हटलं असेल तरच द्या. त्यापेक्षा कोरडा शिधा सोपा, तांदूळ, तूरडाळ, गूळ, तेल, चहापत्ती. नको म्हणूनही पाहुण्यांनी आणलेले पंधरा-वीस नारळ असतातच, ते वृद्धाश्रमाच्या किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात फोन करून नेऊन द्या, तिथे एका दिवसात वापरले जातात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची (अंनिस) "होळी करा लहान, पोळी करा दान" ही मोहीम मला याच कारणासाठी आवडते, पोळी आगीत जाण्याआधी गोळा होते आणि त्याच दिवशी ताटात पोचते.

कपडे द्यायचे तर धुऊन, बटणं लावून, मापाप्रमाणे गठ्ठे करून. आपण स्वतः उद्या घालू का, एवढं विचारा. गूंजसारख्या संस्था कपडे घेतात, पण त्यांनाही वर्गवारी केलेले दिले की त्यांचं काम वाचतं.

पैसे संस्थेला देणार असाल तर पावती घ्या. देणगीवरची आयकरातली सवलत (८०जी) हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, रोखीला त्यापुढे सवलत मिळत नाही, चेकने किंवा ऑनलाइन द्या. आणि ही सवलत जुन्या करप्रणालीतच आहे, नवीन निवडली असेल तर नाही.

पैसे देणं जमत नसेल तर बऱ्याच मंडळांची रक्तदान शिबिरं असतात, वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, आधीच्या रक्तदानाला पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिने झालेले, एवढं बसत असेल तर जा.

आणि फोटो. मुलांच्या हातात वही देताना फोटो काढू नका. घेताना त्यांचे चेहरे बघा, खूप मुलं खाली बघत असतात. वह्या बाईंकडे द्या, बाई वाटतील.

पायरी ९: विसर्जनाचा दिवस

आरती, उत्तरपूजा, दहीपोह्यांची शिदोरी, सगळं नेहमीसारखं. हार, वस्त्र, जानवं, मुकुट, दूर्वा काढून घ्या. पाऊण भांडं पाणी भरा, काठोकाठ नको, मूर्ती गेल्यावर पाणी वर येतं. दोन्ही हातांनी खालून धरून सावकाश सोडा. घरातल्या प्रत्येकाने हात लावायचा. न रंगवलेली लहान मूर्ती काही तासांत बसते, रंगवलेली रात्रभर घेते. मध्ये मध्ये काठीने ढोसू नका, बघवत नाही. भांड्यावर सुती कापड टाका आणि पाण्याचं काम पाण्याला करू द्या.

रात्री आम्ही सगळे घंगाळाजवळ बसून राहतो. मातीतून बारीक बुडबुडे येत असतात, त्याचा आवाज येतो. घाटावरच्या गर्दीत आणि स्पीकरच्या आवाजात हा आवाज मला कधी ऐकू आला नव्हता.

पायरी १०: निर्माल्य आणि माती

निर्माल्य आधी. दोरे, तारा, कापूर-उदबत्तीची पाकिटं, प्लास्टिक वेगळं काढा. पाकळ्या आणि पानं कात्रीने बारीक करा, तळाला आणि बाजूला भोकं पाडलेल्या बादलीत सुक्या पानांचा थर, त्यावर निर्माल्य, परत सुकी पानं असं भरा, वाटीभर आंबट ताक शिंपडा. चार दिवसांनी एकदा हलवा. खूप ओलं वाटलं, वास आला, तर आणखी सुकी पानं. दोन महिन्यांत खत होतं. नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या यात घालू नका, त्या कुजायला फार वेळ लागतो. एवढं जमणार नसेल तर निर्माल्य वेगळं बांधून द्या, पुण्यात "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई घाटांवर उभं राहून ते गोळा करतात. त्यांच्या हातात काच, पिना, ब्लेड यायला नकोत.

आता माती. सगळे सांगतात कुंडीत ओता. मी पहिल्यांदा तसंच केलं आणि मोगरा गेला. शाडू फार चिकण असते, वाळली की वर थर धरते, पाणी खाली उतरत नाही, मुळं गुदमरतात. कुंडीत घालायचीच तर ओंजळभर, तीही भरपूर खतात मिसळून. बाकीची परत वापरा. दोन दिवस साका बसू द्या, वरचं पाणी झाडांना घाला (रंग असेल तर शोभेच्या झाडांना, तुळशीला-भाजीला नको), खालचा गाळ जुन्या सुती साडीत बांधून टांगा, पाणी गळून गेलं की उन्हात वाळवा. पुण्यात "पुनरावर्तन" नावाचा उपक्रम आहे, त्यात अशी शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत देतात, तुमच्या जवळ केंद्र असेल तर तिथे द्या. शाडू बरीचशी गुजरातेतून खणून येते, ती काही न संपणारी नाही, म्हणून मातीची मूर्ती आणली की झालं असं मी मानत नाही, माती परत गेली पाहिजे.

आमच्याकडे ती वाळलेली ढेकळं एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात. डब्यावर कागद चिकटवलाय, त्यावर वर्ष, मूर्तीची उंची, घंगाळात किती पाणी घातलं होतं आणि शाळेच्या बाईंनी पुढच्या वर्षासाठी काय सांगितलं ते. शेवटची ओळ सध्या अशी आहे: "इयत्ता तिसरी, १४ मुलं, चौरेघी."